पऱ्हाटीच्या कोळशाला मोजणीची जागा द्या : मराठवाड्यातील विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखांचे अधिष्ठाते आणि संशोधन व मान्यता समित्यांचे सर्व सदस्य

विषय : पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांच्या इलेक्ट्रोड पदार्थांवरील संशोधनासाठी विभागात सामाईक चाचणी केंद्र उभारण्याबाबत आणि या विषयातील प्रबंधांच्या मूल्यमापनाबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमची घरची शेती कापसाची आहे. गेली काही वर्षे मी आणि माझे दोन संशोधक विद्यार्थी पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या वाळक्या झाडांपासून, सोडिअम-आयन बॅटरीच्या (लिथिअमऐवजी सोडिअमवर चालणाऱ्या बॅटरीच्या) ऋण इलेक्ट्रोडसाठी लागणारा कार्बन तयार करण्याचे काम करीत आहोत. हे काम जिथे येऊन थांबले आहे, तिथेच मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांतले असे काम थांबलेले मी पाहतो, आणि थांबण्याचे कारण प्रत्येक ठिकाणी जवळपास एकच आहे. त्याविषयी आपल्याशी जाहीरपणे बोलावे, कारण हा प्रश्न एका प्रयोगशाळेचा राहिलेला नाही, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

कापूस पिकवणाऱ्या घरात आता पाठीवरचा चार्जिंगचा फवारणी पंप असतोच. त्यात बारा व्होल्टची, आठ किंवा बारा अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असते. हंगाम संपला की पंप कोठीत जातो, बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत सहा-सात महिने पडून राहते, आणि पुढच्या जूनमध्ये ती चार्ज धरत नाही. गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली तयार केलेल्या बॅटरीचा हा दोष नवा नाही. उतरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. याउलट सोडिअम-आयन सेल थेट शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवता येतो, कारण त्यात दोन्ही इलेक्ट्रोडांना ॲल्युमिनिअमचा पत्रा चालतो. लिथिअमच्या सेलमध्ये ऋण बाजूला ॲल्युमिनिअम चालत नाही. लिथिअम त्याच्याशी मिश्रधातू बनवते, म्हणून तिथे महाग तांबे वापरावे लागते, आणि सेल फार खाली उतरला की ते तांबे विरघळू लागते. वर्षातले निम्मे महिने कोठीत पडून राहणाऱ्या पंपासाठी हा फरक किती मोलाचा आहे, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

याच पंपाच्या आधारे मी विद्यार्थ्यांना एक हिशेब घालतो. बारा व्होल्ट आणि आठ अँपिअर-तास म्हणजे ९६ वॉट-तास. सोडिअम-आयन सेलचा सरासरी दाब तीन व्होल्टच्या थोडा वर धरला, तर तेवढ्या ऊर्जेसाठी सुमारे ३१ अँपिअर-तासांची साठवण लागते. चांगला हार्ड कार्बन, म्हणजे कितीही तापवला तरी ग्रॅफाइट न होणारा कार्बन, ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास सोडिअम सामावून घेतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या थोडा वर कार्बन पुरतो. वाळलेल्या लाकडी काडीपासून भट्टीत पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन उरतो असे मानले, तर एका फवारणी पंपाच्या बॅटरीतला ऋण इलेक्ट्रोड साधारण अर्धा किलो पऱ्हाटीतून निघतो. हा कागदावरचा हिशेब आहे. धन इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणारे द्रावण) आणि होणारी घट त्यात धरलेली नाही. तरीही ज्या झाडावर तो पंप फवारणी करतो, त्याच झाडाच्या एका मुठीएवढ्या काड्यांत त्या पंपाचा निम्मा जीव आहे, हे पहिल्यांदा लक्षात आले त्या दिवशी वर्गात तासाची घंटा होऊनही कोणी उठले नव्हते.

पऱ्हाटीच का, असा प्रश्न संशोधन समितीसमोर मला विचारला गेला आणि तो रास्त होता. १९५१ साली रोझालिंड फ्रँकलिन यांनी दाखवून दिले की कार्बनी पदार्थांचे दोन स्वभाव असतात. काही पदार्थ तापवत नेले की त्यांचे थर एकावर एक नीट बसतात आणि त्यांचे ग्रॅफाइट होते. काहींचे थर मात्र आडवेतिडवे जखडलेले असतात, आणि ३००० अंशांपर्यंत तापवले तरी ते ग्रॅफाइट होत नाहीत. लिथिअमच्या बॅटरीला पहिला प्रकार हवा असतो : सहा कार्बन अणूंमागे एक लिथिअम, ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास, ही ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा आहे. सोडिअमचा आयन मोठा असतो, आणि ग्रॅफाइटच्या थरांत तो जवळजवळ शिरतच नाही. त्याला दुसऱ्या प्रकारचा, थर थोडे दूर सरकलेला आणि मध्ये सूक्ष्म पोकळ्या असलेला कार्बन लागतो. कॅनडातील स्टीव्हन्स आणि डाह्न यांनी २००० साली साध्या ग्लुकोजपासून केलेला असा कार्बन ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास सोडिअम घेतो हे दाखवले, आणि सोडिअमच्या बॅटरीचा अडलेला विचार पुन्हा चालू झाला. लाकडी खोडातले लिग्निन आणि सेल्युलोज एकमेकांत इतके गुंतलेले असते की जाळताना त्यांचे थर सरळ होऊच शकत नाहीत. कापसाचे खोड हे त्या अर्थाने लाकूडच आहे.

आणि ते आपल्याकडे भरपूर आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८४ साली आलेला ‘नांदेड ४४’ हा वाण ज्यांनी पेरला, त्या पिढीपासून मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी ही दरवर्षीची गोष्ट आहे. गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडायचे असेल तर फरदड (हंगामानंतर तेच पीक लांबवून घेतलेला कापूस) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटून शेताबाहेर काढा, असे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते. उपटलेल्या पऱ्हाटीचे बांधावर ढीग लागतात, काही चुलीत जातात, काही पेटवून दिले जातात. चुलीची पऱ्हाटी कोणी मागू नये, असे मला मनापासून वाटते. जिच्या घरी सिलिंडर महिनोन्‌महिने रिकामा असतो, त्या बाईचे सरपण हा कोणत्याही संशोधनाचा कच्चा माल होऊ शकत नाही. परंतु बांधावर पेटवून दिली जाणारी पऱ्हाटीच संशोधनाच्या गरजेपेक्षा कितीतरी पट अधिक आहे.

ग्रॅफाइटच्या बाबतीत आपली परिस्थिती वेगळी आहे. बॅटरीसाठी शुद्ध केलेल्या ग्रॅफाइटचा जगातला बहुतांश पुरवठा चीनमधून होतो, आणि डिसेंबर २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथिअम खनिजाचा अंदाज जाहीर झाला तेव्हा गावोगावी त्याची चर्चा झाली. तो प्राथमिक अंदाज होता आणि तसला अंदाज व प्रत्यक्ष खाण यांत पुष्कळ अंतर असते. सोडिअम मात्र कुठे सापडले अशी बातमी कधी होत नाही, कारण ते मिठात आहे. पुण्यात केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचे सोडिअम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले, आणि त्यामागे पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संशोधन संस्थेतले काम होते. महाविद्यालये, विद्यापीठ आणि उद्योग ही साखळी महाराष्ट्रात जुळू शकते याचा तो पुरावा आहे. मराठवाड्यात शेंद्रा-बिडकीनला विद्युत वाहनांचे कारखाने येऊ घातले आहेत. त्यांना लागणारे सेल बाहेरून येतील आणि आपल्या मुलांच्या वाट्याला ते जोडण्याचे काम येईल, एवढ्यावर आपण समाधान मानावे का, याचा विचार विद्यापीठांनी करावयाचा आहे.

आता आमच्या अडचणीकडे येतो, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

आमच्या महाविद्यालयात मफल फर्नेस आहे. ती ९०० अंशांपर्यंत विश्वासाने जाते. २०१८ च्या सुमारास आम्ही पऱ्हाटीची पूड त्या भट्टीत भाजली, पोटॅशिअम हायड्रॉक्साइडने सक्रिय केली, निकेलच्या जाळीदार फोमवर तिचा लेप दिला, आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइडच्याच द्रावणात तीन इलेक्ट्रोडांच्या साध्या मांडणीत, सुपरकपॅसिटरचा (पृष्ठभागावर चार्ज साठवणाऱ्या उपकरणाचा) पदार्थ म्हणून, तिची क्षमता मोजली. आकडा मोठा आला. शोधनिबंध छापून आला. शाल-श्रीफळही मिळाले. पुढे वाचत गेल्यावर मला कळले की त्या मोजणीतला बराच भाग निकेलच्या फोमचा स्वतःचा असू शकतो, कारण अल्कलीत निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड तयार होते आणि तेही चार्ज घेते व देते. लेपाचे वजन एक-दोन मिलिग्रॅम असताना फोमचा असा वाटा वजा न करता जो आकडा निघतो, त्याला काही अर्थ राहत नाही. कोरा फोम घेऊन तीच मोजणी आम्ही केली नव्हती. ती करायला एक दुपार पुरली असती. हे सारे मी आज इथे लिहितो आहे, कारण आपल्या विभागातल्या, आणि राज्यातल्याही, कितीतरी प्रबंधांत ही कोऱ्या फोमची मोजणी आजही नसते.

त्याच्याच शेजारची दुसरी चूक आहे. निकेल किंवा कोबाल्टच्या ऑक्साइडचा इलेक्ट्रोड अल्कलीत तपासायचा, त्याच्या आलेखावर ऑक्सिडीकरण-क्षपणाची ठळक शिखरे दिसत असतानाही त्याला सुपरकपॅसिटर म्हणायचे, आणि क्षमता फॅरडमध्ये लिहायची. असा पदार्थ बॅटरीसारखा वागतो, त्याची क्षमता कूलोम किंवा मिलिअँपिअर-तासांत लिहावी, हे या क्षेत्रातल्या जाणकारांनी २०१४-१५ पासून वारंवार आणि स्पष्टपणे सांगितले आहे. फॅरडचा आकडा मोठा दिसतो एवढेच त्याचे आकर्षण आहे. पदार्थ तोच राहतो, परंतु तो वाचून पुढे बॅटरी करायला निघालेल्या विद्यार्थ्याची दोन वर्षे वाया जातात.

मग आम्ही सोडिअमकडे वळलो, आणि तिथे पहिल्याच पायरीवर भट्टी अपुरी पडली. ९०० अंशांवर भाजलेल्या पऱ्हाटीच्या कार्बनमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे गट उरतात, पृष्ठभाग फार मोठा राहतो, आणि पहिल्या चार्जिंगमध्ये इलेक्ट्रोलाइट त्या पृष्ठभागावर विघटित होऊन सोडिअमचा मोठा हिस्सा कायमचा अडकवून ठेवतो. म्हणजे सुपरकपॅसिटरमध्ये ज्या मोठ्या पृष्ठभागाचे आम्ही कौतुक करीत होतो, तोच इथे मुळावर येतो. हा कार्बन आरगॉन वायूत १२०० ते १४०० अंशांवर भाजावा लागतो. त्याआधी पऱ्हाटीतली राख, म्हणजे पोटॅशिअम, कॅल्शिअम आणि सिलिका, आम्लाने धुऊन काढावी लागते. काळ्या जमिनीतल्या पऱ्हाटीत ही राख किती, कोरडवाहू आणि बागायती पऱ्हाटीत तिचे प्रमाण वेगळे असते का, खोडाची आणि मुळाची राख सारखीच असते का, हे प्रश्न रसायनशास्त्राइतकेच कृषिशास्त्राचे आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आणि आपले विद्यार्थी एकत्र बसले, तर एका हंगामात त्यांची उत्तरे मिळू लागतील. मला स्वतःला यातला सर्वांत रसाळ भाग हाच वाटतो, आणि तो पुण्यात किंवा दिल्लीत बसून कोणी करणार नाही.

चौदाशे अंशांची ट्यूब फर्नेस आमच्या आवाक्यात नाही. म्हणून माझा विद्यार्थी पऱ्हाटीची धुतलेली पूड बरण्यांत भरून रात्रीच्या रेल्वेने मोठ्या शहरात नेत असे, भट्टीसाठी पाळी लावून थांबत असे, आणि भाजलेला कार्बन घेऊन परत येत असे. पुढचे काम ग्लव्ह बॉक्समधले. सोडिअम धातूला हवा आणि ओल दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे सेल बंद करण्याचे काम आरगॉनने भरलेल्या पेटीत, जिथे ओल आणि ऑक्सिजन दशलक्षात एका भागाहूनही कमी आहे अशा जागी, करावे लागते. वीस मिलिमीटर व्यासाची आणि तीन मिलिमीटरच्या थोडी वर जाडीची, घड्याळातल्या गोल सेलसारखी दिसणारी ती डबी तयार करायला शिकलेल्या हाताला काही मिनिटे लागतात, परंतु ते हात शिकवायला कोणीतरी शेजारी उभे राहावे लागते. मराठवाड्याबाहेरच्या एका संस्थेत आम्हाला मिळालेला ग्लव्ह बॉक्स दीड वर्ष बंद होता. यंत्र नवे होते. ते चालवणारा तंत्रज्ञ कंत्राटी होता, त्याचे कंत्राट संपले, आणि आरगॉनच्या नळकांड्यांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा यावर पत्रव्यवहार चालू राहिला. मला त्या संस्थेवर राग नाही, तिथल्या प्राध्यापकांनी आम्हाला आपलेपणाने वागवले. परंतु यंत्र विकत घेणे आणि यंत्र चालू ठेवणे हे दोन वेगवेगळे खर्च आहेत आणि आपली व्यवस्था पहिल्याचीच तरतूद करते, हे मी तिथे पाहिले.

सेल तयार झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती वेळेची असते. बॅटरीचा पदार्थ सावकाश, म्हणजे दहा तासांत चार्ज आणि दहा तासांत डिस्चार्ज या गतीने तपासायचा असेल, तर पाचशे चक्रांना दहा हजार तास लागतात. ते एक वर्ष आणि वर दीड-दोन महिने होतात. एका तासाच्या गतीनेही पाचशे चक्रांना हजार तास, म्हणजे बेचाळीस दिवस, सलग वीज लागते. तालुक्याच्या गावी बेचाळीस दिवस वीज न जाण्याची हमी कोण देणार? वीज गेली की चक्र तुटते, सेल अर्ध्या चार्जवर पडून राहतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर दिसणारा बदल पदार्थाचा आहे की खंडाचा, हे सांगता येत नाही. आमच्या वहीत असे तुटलेले आलेख बरेच आहेत आणि त्यातला एकही आम्ही छापलेला नाही.

इतकी चक्रे कशासाठी, असे विचारले जाते. प्रत्येक चक्रात टाकलेल्या शंभर भागांपैकी ९९.९ भाग परत मिळाले, तर परीक्षेच्या हिशेबात ते उत्तम गुण ठरतील. परंतु पूर्ण सेलमध्ये, जिथे सोडिअमचा साठा मर्यादितच असतो, त्याच दराने हजार चक्रांनंतर मूळ क्षमतेचा जेमतेम ३७ टक्के हिस्सा उरेल. तोच आकडा ९९.९९ असेल तर ९० टक्के उरतो. हा दशांशातला शेवटचा नऊ मोजण्यासाठी स्थिर तापमान, अचूक उपकरण आणि सलग वीज लागते. शिवाय बहुतेक शोधनिबंधांतली मोजणी अर्ध्या सेलमध्ये, म्हणजे समोर सोडिअम धातूची जाड चकती ठेवून होते. तिथे सोडिअमचा साठा संपतच नाही, त्यामुळे पहिल्या चक्रात किती सोडिअम वाया गेले ते झाकले जाते. खऱ्या बॅटरीत तेवढे सोडिअम धन इलेक्ट्रोडमधून आणावे लागते आणि तिथून ते परत मिळत नाही. लेपाची जाडीही तशीच. चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम लेप दिला की जवळजवळ कोणताही पदार्थ चांगला वागतो. कारखान्याला त्याच्या दहापट जाड लेप लागतो, आणि तिथे तो तडकतो किंवा पत्र्यावरून सुटतो.

आणखी एक गोष्ट, जी मराठवाड्याने करायची आणि जगाला द्यायची, असे मला वाटते. बॅटरीच्या पदार्थांची तपासणी सहसा २५ अंशांवर होते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बॅटरीला त्याहून जास्त सोसावे लागते. उष्णतेत इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरचा संरक्षक थर वाढत राहतो, विरघळतो, पुन्हा तयार होतो, आणि प्रत्येक वेळी थोडे सोडिअम खातो. जो कार्बन थंड प्रयोगशाळेत हजार चक्रे टिकतो, तो आपल्या उन्हाळ्यात किती टिकेल हे ४५ अंशांच्या कपाटात ठेवूनच कळेल. ही तपासणी आपण नेमाने केली, तर उष्ण प्रदेशातल्या प्रत्येक संशोधकाला आपल्या नोंदींची गरज पडेल.

म्हणून माझी पहिली विनंती आहे ती सामाईक चाचणी केंद्राची. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा जालना यांपैकी जिथे वीज आणि रेल्वे दोन्ही सोयीचे असतील तिथे, आहे त्याच इमारतीतल्या दोन खोल्यांत ते सुरू करता येईल. चौदाशे अंशांची एक ट्यूब फर्नेस, एक ग्लव्ह बॉक्स, शंभर-दीडशे सेल एकाच वेळी तपासणारे बॅटरी टेस्टर, २५ आणि ४५ अंशांची दोन स्थिर तापमानाची कपाटे, आणि या सर्वांना दिवसरात्र चालू ठेवणारी पर्यायी वीज : यापेक्षा अधिक सुरुवातीला काही नको. त्याहून महत्त्वाची आहेत दोन कायम तंत्रज्ञ पदे आणि आरगॉन, इलेक्ट्रोलाइट व दुरुस्ती यांसाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या जालन्यातील शाखेत रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण चालते. कारखान्याच्या जाडीचा लेप देण्याचे काम तिथल्या विद्यार्थ्यांशी जोडून करता येईल. केंद्रातली पाळी महाविद्यालयाचे नाव न पाहता, अर्जाच्या क्रमाने मिळावी. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीने पाठवलेली बरणी आणि विद्यापीठाच्या विभागप्रमुखांनी पाठवलेली बरणी एकाच रांगेत उभी राहावी, एवढे एक कलम नियमावलीत असावे.

दुसरी विनंती संशोधन व मान्यता समित्यांना आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली आहे. छापलेल्या निबंधांची संख्या मोजण्याऐवजी समित्यांना आता दुसरे काही मागण्याची मोकळीक आहे. इलेक्ट्रोडच्या प्रत्येक प्रबंधात लेपाचे वजन आणि जाडी, कोऱ्या फोमची किंवा पत्र्याची मोजणी, पहिल्या चक्रातली घट, किमान तीन सारख्या सेलांचे निकाल आणि निदान एक पूर्ण सेल असावा, असे मागा. आणि ज्या विद्यार्थ्याने चौदा प्रकारे पऱ्हाटी भाजून त्यातल्या तेरा प्रकारांत यश आले नाही असे नीट नोंदवले आहे, त्याचा प्रबंध कमी प्रतीचा मानू नका. ती तेरा अपयशे लिहिलेली नसतात म्हणून शेजारच्या जिल्ह्यातला विद्यार्थी ती पुन्हा करतो.

एका पदार्थाची बॅटरी व्हायला इतका वेळ लागेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. लिथिअम कोबाल्ट ऑक्साइडचा धन इलेक्ट्रोड म्हणून उपयोग गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवला, आणि पहिली लिथिअम-आयन बॅटरी सोनी कंपनीने बाजारात आणली १९९१ साली. मधल्या काळात अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण बाजूला पेट्रोलिअम कोकचा कार्बन वापरला नसता, तर तो शोध कपाटातच राहिला असता. या कामाला नोबेल मिळायला २०१९ उजाडले. लिथिअम लोह फॉस्फेट या धन इलेक्ट्रोडच्या दुसऱ्या पदार्थाचा शोध १९९७ चा. त्यात अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी या आपल्याकडच्या दोघांचा वाटा आहे. सुरुवातीला त्यातून वीज फार सावकाश वाहते म्हणून पुष्कळांनी त्याकडे पाठ फिरवली. कण बारीक करणे, त्यावर कार्बनचा पातळ थर देणे, असे वर्षानुवर्षांचे कंटाळवाणे काम झाल्यावर तो पदार्थ आज बसगाड्यांत आणि इन्व्हर्टरमध्ये आहे. असे काम तीन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीत बसत नाही, म्हणून ते एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे सोपवता येईल अशी नोंदींची आणि नमुन्यांची व्यवस्था केंद्रात असली पाहिजे.

माझा पहिला विद्यार्थी आता बाहेरच्या राज्यातल्या एका सेलच्या कारखान्यात नोकरीला आहे. दुसरी विद्यार्थिनी प्रबंध लिहीत आहे, आणि तिच्या टेबलावर सात बरण्या आहेत : परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, वसमत, माजलगाव आणि अंबडकडची पऱ्हाटी, प्रत्येकीवर शेताचा प्रकार, उपटल्याची तारीख आणि राखेचे प्रमाण लिहिलेले. या सातही बरण्या धुऊन वाळवलेल्या आहेत आणि चौदाशे अंशांच्या भट्टीची वाट पाहत आहेत. केंद्राचा आराखडा, यंत्रांचा तपशील आणि वर्षभराच्या खर्चाचा अंदाज आम्ही दोघांनी मिळून लिहून ठेवला आहे. आपण बोलावाल त्या दिवशी तो घेऊन, आणि त्या बरण्या सोबत घेऊन, मी हजर राहीन.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक
परभणी जिल्हा